रुग्णालयातील समाजसेवक : कार्यक्षेत्र आणि मर्यादा



शासकीय रुग्णालयात 'समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)' अशी पाटी असलेली एक खोली असते. खेड्यातून आलेल्या रुग्णाची समजूत असते की तेथे पैसे माफ होतात. रुग्णालयातील अनेकांना वाटते, तेथे दाखले पूर्ण होतात. या दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत.

रुग्णालयात समाजसेवकाची नेमणूक करण्याची प्रथा लंडनमध्ये 1895 साली आणि अमेरिकेत बोस्टन येथे 1905 साली सुरू झाली. मुंबईत 1936 साली समाजकार्याचे पद्धतशीर शिक्षण देणारी संस्था टाटा विश्वस्त निधीतून स्थापन झाली व 1946 साली जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली. यामागील विचार साधा होता. क्षयाचा रोगी औषध अर्धवट सोडतो, त्याचे कारण पुष्कळदा बुडणाऱ्या मजुरीत असते. ते कारण शोधणे व दूर करणे हे समाजसेवकाचे काम होय.

मात्र या कामाला सीमा आहेत. निदान करणे, औषध सुचविणे, रोग बरा होईल की नाही हे सांगणे हा डॉक्टरांचा अधिकार आहे. शस्त्रक्रियेतील धोका समजावून संमती घेणे हीदेखील त्यांचीच जबाबदारी. रुग्णाला ते खरोखर उमगले की नाही हे समाजसेवकाने पाहावे आणि त्याची शंका डॉक्टरांपर्यंत न्यावी. मनोविकाराच्या क्षेत्रात तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने समाजकार्यकर्त्यासाठी दोन वर्षांचे वेगळे प्रशिक्षण सांगितले आहे. धर्मादाय रुग्णालयांत निर्धनांसाठी 10 टक्के व दुर्बल घटकांसाठी 10 टक्के खाटा असतात. तेथेही पात्रता नियमाने ठरते, समाजसेवकाच्या दयेने नव्हे.

सीमेची खरी कसोटी लागते ती अवघड प्रसंगी. समजा, भाजलेली एक स्त्री दाखल झाली आहे. स्टोव्हचा भडका उडाला, असे तिने पोलिसांना सांगितले. नातलग बाहेर गेल्यावर ती समाजसेविकेला निराळेच सांगते आणि विनविते, "बाई, कुणाला सांगू नका. माझ्या लेकरांना कोण बघेल?" अशा वेळी समाजसेविकेने गुप्ततेचे वचन देऊ नये. स्वतः चौकशीही आरंभू नये. तिचे शब्द जसेच्या तसे, वेळेसह लिहून ठेवावेत व तत्काळ डॉक्टरांना कळवावे. स्त्री शुद्धीवर व जबाब देण्यास समर्थ आहे की नाही हे डॉक्टर ठरवितात आणि जबाब सामान्यतः दंडाधिकारी नोंदवितात. परंतु तिचे तोंड बंद ठेवणारी भीती लेकरांविषयीची आहे. त्यांना सांभाळण्यास माहेरचे कोणी पुढे येईल काय, न आल्यास बालकल्याण समितीकडे कसे जावे, याची वाट शोधणे हे मात्र सर्वस्वी समाजसेविकेचेच क्षेत्र आहे. तेथे ती कमी पडली, तर तिची उणीव दुसरा कोणी भरून काढीत नाही.

पंचायत सदस्य व शिक्षक यांचाही येथे संबंध येतो. गावच्या रुग्णाला घेऊन आलेले सरपंच आपुलकीनेच विचारतात, "आजार कोणता?" समाजसेवक उत्तर देत नाही, म्हणून त्यांना राग येतो. पण ती माहिती रुग्णाची असते. एचआयव्हीबाबत तर 2017 च्या कायद्याने, त्यात सांगितलेले अपवाद वगळता, लेखी संमतीवाचून माहिती उघड करण्यास मनाई केली आहे. याउलट बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे 2012 च्या कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे. तेथे मौन हाच अपराध ठरतो. कोठे बोलावे व कोठे गप्प राहावे, याचा विवेक हाच या व्यवसायाचा कणा आहे.

2021 च्या केंद्रीय कायद्याने वैद्यकीय समाजसेवकाचा समावेश आरोग्य व्यावसायिकांच्या सूचीत केला. तेव्हा त्याला केवळ दाखल्यांमागे धाववणे अयोग्य, तसेच त्याने डॉक्टरांची जागा घेणेही अयोग्य. रुग्ण बरा होऊन गावी परततो, तेव्हा त्याला औषध नियमित मिळते काय, काम मिळते काय, मूल शाळेत येते काय, हे पाहण्यास समाजसेवक तेथे नसतो. ते पंचायतीने व शाळेने पाहावयाचे आहे. रुग्णालयाची सीमा जेथे संपते, तेथे गावाचे कर्तव्य सुरू होते.