शरदातील शाळा आणि शिवार



पोळा फुटला, तान्ह्या पोळ्यात लाकडी बैल मिरवून मुले घरी परतली, की हिंगणा परिसरात पावसाचा जोर ओसरू लागतो. विदर्भातून पाऊस पुरता मागे सरतो तो साधारणपणे ऑक्टोबरच्या पूर्वार्धात. तोवर सकाळी दव, दुपारी चटका आणि सायंकाळी गडगडाट, असे तीन ऋतू एकाच दिवसात भेटतात.

याच दिवसांत वर्गातील जागा रिकाम्या दिसू लागतात. सोयाबीनची सोंगणी निघते, मागोमाग कापसाची वेचणी. आईबाप पहाटेच शिवारात जातात आणि थोरली मुलगी धाकट्याला सांभाळण्यासाठी घरी राहते. पालकांस दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही. हंगाम हातचा गेला तर वर्ष गेले, हे त्यांस शिक्षकापेक्षा अधिक कळते. परंतु पंधरवडाभर घरी राहिलेल्या मुलीस परतल्यावर गणित अनोळखी वाटते, आणि पुढे ती शाळेलाच अनोळखी होते. सहलीचा विचार करावयाचा तो या मुलीस डोळ्यांसमोर ठेवून. धाकट्या भावंडासह ये, असे तिला स्पष्ट सांगावे.

अशा सहलीस मोटार नको, वर्गणी नको. आपल्याच गावचे शिवार पुरे. २३ सप्टेंबरच्या सुमारास, दिवस व रात्र जवळजवळ समान असताना, सपाट जागी एक मीटरची काठी ओळंब्याने सरळ रोवावी. बारा वाजून पाच-सात मिनिटांनी सावली सर्वांत आखूड होते. ती सुमारे ३८ सेंटिमीटर भरेल. मोजणी मुलांनी करावी व वहीत तारखेसह लिहावी. पाने, बोंडे, शेंगांतील दाणे यांची मोजदादही तेथेच होते. एका झाडावर उमललेली बोंडे किती व मिटलेली किती, हा अपूर्णांकांचा उत्तम पाठ होय. कोणते बोंड वेचण्याजोगे झाले, हे मात्र एखाद्या आईनेच सांगावे. त्या विषयात गुरू तीच.

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत सायंकाळी भुलाबाई असते. मुलींनी तेथील गाणी स्वतःच्या हाताने उतरवून आणली, तर शुद्धलेखनाचा निराळा तास घ्यावा लागत नाही. झाकलेली खिरापत ओळखण्याच्या खेळात तर्कही पुष्कळ असतो.

सावधगिरी मात्र हवी. वर पाऊस झाला असेल तर वेणा नदीच्या पात्रात कोणासही उतरू देऊ नये. गडगडाट ऐकू येताच झाडाखाली न थांबता पक्क्या इमारतीत यावे. सोंगलेल्या सोयाबीनच्या ढिगात साप असू शकतो, म्हणून त्यात हात घालू देऊ नये. निघताना व परतताना मुले मोजावीत.

तीच काठी २२ डिसेंबरच्या सुमारास, दुपारी बारा-सव्वाबाराच्या दरम्यान पुन्हा रोवावी. आता सर्वांत आखूड सावलीही सुमारे ९८ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ काठीएवढी असेल. वेचणी तेव्हाही चालूच असते. म्हणून जिने पहिली नोंद लिहिली, तिच्या घरी आदल्या सायंकाळी जाऊन तिला दुसऱ्या नोंदीसाठी बोलावून यावे.