दिव्याचा जोड कोठे असावा?



या व्यासपीठावर वेदान्तापासून अर्थकारणापर्यंत सारे विषय येऊन गेले. आम्ही आज आपली नजर फक्त घराच्या छताकडे वळवणार आहोत. छतावरचा दिवा लागतो आहे तोवर त्याच्या तारा कोणत्या वाटेने आल्या, हे कोणी पुसत नाही. आम्हीही पुसले नव्हते.

एके रात्री बटण बंद करून, स्टुलावर चढून आम्ही दिवा बदलू लागलो, तोच असा झटका बसला की स्टूल एकीकडे नि आम्ही दुसरीकडे! मागाहून कळले की वायरमनने बटण फेजच्या तारेत न घालता न्यूट्रलमध्ये घातले होते. दिवा विझे, पण होल्डरात 230 व्होल्ट जागेच राहात. म्हणून पहिला नियम हा की, बटण फेजवरच असले पाहिजे.

आता तारा न्याव्या कशा? वाटा मुख्यतः तीन. पहिली जोडपेटीची. छताजवळ पेटी ठेवून तिच्यातून एक फाटा दिव्याकडे व एक बटणाकडे न्यायचा. यात तार थोडी वाचते. पण सैल झालेला जोड तापतो, आणि नेमका तोच नजरेआड असतो. दुसरी वाट इंग्लंडात फार रूढ आहे. तेथे फेज व न्यूट्रल छतावरच्या सीलिंग रोजमध्ये येऊन तेथूनच पुढच्या दिव्याकडे जातात. बटणाकडे फेज तेवढी जाऊन येते. पेटी वाचते खरी, पण बटण बंद असतानाही रोजमध्ये फेज जिवंतच!

तिसरी वाट आपल्याकडे चांगली रुळलेली आहे. फेज आणि न्यूट्रल दोन्ही बटणांच्या बोर्डात आणायच्या, तेथूनच पुढच्या बोर्डाकडे न्यायच्या आणि दिव्याकडे बटणातून आलेली फेज, न्यूट्रल व अर्थची तार धाडायची. तार अधिक लागते, हे कबूल. परंतु सारे जोड हाताच्या उंचीवर राहतात, आणि मोबाइलवर चालणाऱ्या नव्या बटणांना बहुधा जी न्यूट्रल लागते, तीही बोर्डात तयार असते. आमचा कौल हिलाच आहे.

मात्र हा निर्णय स्लॅब पडण्यापूर्वी घ्यावा. काँक्रीटमध्ये गाडलेली नळी मागाहून सरकत नाही. परवानाधारक वायरमनला आधीच विचारावे: बटण फेजवर आहे ना? नळीच्या पोटात एकही जोड नाही ना? न्यूट्रलला काळी, अर्थला हिरवी तार वापरली ना? 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला ना? आणि दिवा बदलताना बटणावर विसंबू नये. मेन स्विच बंद करावा.

घर बांधताना फरशीचा रंग ठरवायला आपण चार दुकाने हिंडतो. या प्रश्नांना चार मिनिटे द्यावीत, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.