दाद मागायची कोठे?



कळंब तालुक्यातील एखाद्या शेतकऱ्याने सोयाबीनचे बियाणे घेतले आणि ते उगवलेच नाही, अशी कल्पना करा. दुकानदार हात वर करतो. कंपनीचे कार्यालय परराज्यात आणि तिची मालकी सातासमुद्रापलीकडच्या मूळ कंपनीकडे. मग दाद मागायची कोठे?

शेतकरी हाही ग्राहकच, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या निकालात स्पष्ट केले. सारे बियाणे पेरून टाकणाऱ्याने तपासणीसाठी नमुना राखून ठेवावा, ही अपेक्षाही न्यायालयाने अवाजवी ठरविली. प्रश्न उरला अंतराचा. १९८६च्या कायद्यानुसार विरुद्ध पक्षाचा व्यवसाय वा शाखा जेथे, किंवा तक्रारीचे कारण जेथे घडले, तेथेच तक्रार करावी लागे. शाखा असणेही पुरेसे नाही, असे २००९ साली ठरले. अंबाल्यातील गोदामाच्या आगीची तक्रार चंदीगडमध्ये टिकली नाही. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने ग्राहक राहतो त्या जिल्ह्यातही तक्रारीची मुभा दिली. ग्राहकतीर्थ बिंदुमाधव जोशी यांच्यासारख्यांनी ग्राहक चळवळीसाठी वेचलेल्या आयुष्याचे मोल अशा एका कलमात दिसते.

परंतु परदेशी मूळ कंपनीचे काय? भोपाळचा खटला ग्राहक कायद्याचा नव्हे, तरी धडा तोच. युनियन कार्बाइडकडे भारतीय कंपनीचे ५०.९ टक्के भाग होते. १९८६ साली अमेरिकी न्यायालयाने खटला भारतात पाठविला, तोही मूळ कंपनीने भारतीय न्यायालयाचा अधिकार मान्य करावा या अटीवर. १९८८ साली मध्यप्रदेश उच्च न्यायालयाने दोन कंपन्यांमधील पडदा दूर सारला; पण १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली आणि मूळ कंपनीच्या दायित्वाचा अंतिम निवाडा राहूनच गेला.

नव्या कायद्याचे ८६वे कलम या कोंडीवर मार्ग देते. उत्पादकाला नोटीस बजावता येत नसेल, तो भारतीय कायद्याच्या कक्षेत नसेल किंवा त्याच्याविरुद्ध आदेशाची अंमलबजावणी शक्य नसेल, तर सदोष मालासाठी विक्रेत्याला जबाबदार धरता येते. गावच्या दुकानदारावर हा भार पडणे काहीसे कठोर वाटेल. पण माल कोणाचा, हे विचारण्याची संधी त्याला खरेदीपूर्वी असते, शेतकऱ्याला नसते.

म्हणून पावती, पिशवी आणि तिच्यावरचा लॉट क्रमांक जपा. तालुका तक्रार निवारण समितीकडून शेताची पाहणी करवून घ्या. आणि धाराशिवच्या जिल्हा आयोगात तक्रार करताना दुकानदार व उत्पादक दोघांनाही पक्षकार करा.