शिकण्याचा तास कोणाच्या खात्यावर?

(रत्नागिरी येथे कामगार कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



खेडहून चिपळूणकडे येताना परशुराम घाट उतरण्याआधी महामार्गालगत लोटे परशुरामची औद्योगिक वसाहत लागते. रत्नागिरी जिल्ह्यातील रासायनिक उद्योगाचे हे मोठे ठाणे. २० मार्च २०२१ रोजी तेथील एका कारखान्यात स्फोट झाला आणि पाळीवर असलेले कामगार प्राणास मुकले. त्या एका स्फोटाचे कारण ठरविणे हे चौकशी यंत्रणेचे काम आहे. परंतु रासायनिक कारखान्यात अपघात झाला म्हणजे एक प्रश्न दरवेळी विचारला गेला पाहिजे, आणि तो क्वचितच विचारला जातो. यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाला त्याच्यासमोरील रसायनाचा स्वभाव, दाब वाढल्याची खूण आणि बाहेर पडण्याची वाट कोणी, केव्हा आणि कोणत्या भाषेत समजावून सांगितली होती?

कामगारांच्या ऑनलाइन प्रशिक्षणाचा विचार या प्रश्नापासून सुरू व्हावयास हवा. २०२० च्या टाळेबंदीत औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे वर्ग बंद पडले आणि मोबाइलवरून शिकविण्याची पद्धत सर्वत्र पसरली. केंद्र सरकारच्या प्रशिक्षण महासंचालनालयाचे ‘भारत स्किल्स’ हे संकेतस्थळ त्याआधीच सुरू झाले होते. आज अनेक कारखान्यांत नव्या कामगाराला पहिला धडा पडद्यावरच मिळतो. व्यवस्थापनाला ही पद्धत स्वस्त म्हणून आवडते. चळवळीतील अनेक जुन्या कार्यकर्त्यांना ती नेमक्या याच कारणाने संशयास्पद वाटते. दोन्ही प्रतिक्रिया अपुऱ्या आहेत. साधन कोणाच्या सोयीचे हे त्या साधनात लिहिलेले नसते. ते वापरण्याच्या अटी कोण ठरवितो त्यावर ते ठरते.

या साधनाचे लाभ प्रथम मोकळेपणाने मान्य केले पाहिजेत. वर्गातला धडा एकदाच होतो. पडद्यावरचा धडा दहा वेळा पाहता येतो. चाळीस माणसांसमोर ‘समजले नाही’ असे म्हणण्याचा संकोच ज्याला वाटतो, त्याला हा मोठाच आधार आहे. बंद रिअ‍ॅक्टरच्या आत काय घडते, दाब हाताबाहेर गेला तर पुढच्या काही क्षणांत काय होईल, हे प्रत्यक्ष करून दाखविणे शक्य नसते. चित्रफितीत ते दाखविता येते. लोट्यासारख्या वसाहतीत उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, ओडिशा येथून आलेले कामगार स्थानिकांच्या खांद्याला खांदा लावून काम करतात. एक शिक्षक चार भाषांत शिकवू शकत नाही, पण एक धडा चार भाषांत तयार होऊ शकतो.

कोकणापुरता आणखी एक लाभ सांगण्यासारखा आहे. येथील भूगोल खाड्यांचा आणि घाटांचा आहे. समोर दिसणाऱ्या गावाला जायला खाडीला वळसा घालावा लागतो. तालुक्याच्या गावी भरणाऱ्या वर्गाला जाणे म्हणजे दिवसाची मजुरी बुडविणे. शिवाय येथील पुष्कळसे काम हंगामी आहे. आंब्याचे कॅनिंग उन्हाळ्यात जोरात चालते; १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात मासळी प्रक्रियेतील स्त्रियांच्या हाताला काम कमी होते. हे रिकामे आठवडे शिक्षणाचे होऊ शकतात. एखादी बाई घरून, आपल्या वेळेनुसार, शीतगृहातील अमोनियाची गळती ओळखण्यास किंवा अन्न हाताळणीचे नियम शिकली, तर तो लाभ क्षुल्लक म्हणता येणार नाही.

अर्थशास्त्राच्या दृष्टीनेही या धड्याचे वैशिष्ट्य लक्षात घेण्याजोगे आहे. त्याची पहिली प्रत महाग पडते. पुढच्या लाखो प्रती जवळजवळ फुकट असतात. एकाने वापरल्याने तो दुसऱ्यासाठी कमी होत नाही. सार्वजनिक विहिरीहूनही तो उदार म्हणावा लागेल, कारण विहिरीचे पाणी आटते. अशी वस्तू समाजाने एकदा खर्च करून निर्माण करावी आणि सर्वांना खुली ठेवावी, हाच तर्कशुद्ध मार्ग होय. प्रत्येक कंपनीने तोच धडा पुन्हापुन्हा विकत घ्यावा आणि कुलूपबंद ठेवावा, ही उधळपट्टी आहे.

मग असे उपयुक्त शिक्षण कामगारांपर्यंत पुरेसे का पोहोचत नाही? गॅरी बेकर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६४ साली प्रसिद्ध केलेल्या ‘ह्यूमन कॅपिटल’ या ग्रंथात याचे एक उत्तर आहे. बेकर हे काही समाजवादी नव्हते. बाजारपेठेवर त्यांचा पूर्ण विश्वास होता. तरीही त्यांचा निष्कर्ष असा की, जे कौशल्य कोणत्याही कारखान्यात उपयोगी पडते, त्याचा खर्च मालक सोसत नाही. शिकलेला कामगार उद्या दुसरीकडे जाईल, ही त्याला धास्ती असते. तो खर्च मग कमी मजुरीच्या रूपाने शिकणाराच भरतो. आता या जागी कंत्राटी कामगार ठेवून पाहावा. कंत्राटदार मुदतीपुरता, कामगार त्याहून कमी मुदतीचा. मूळ मालक म्हणतो, हा माझा माणूस नव्हे. कंत्राटदार म्हणतो, हे माझे यंत्र नव्हे. धोक्याच्या सर्वांत जवळ उभा असलेला माणूस शिक्षणापासून सर्वांत दूर राहतो, तो या हिशेबामुळे. बाजारावर सोडल्यास हे अंतर आपोआप मिटणारे नाही.

शिक्षणाचा खर्च कामगाराच्या अंगावर टाकण्याची प्रथा मात्र जुनी आहे. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने गिरणगावात रात्रशाळा आणि वाचनालये चालविली. त्या वर्गांत बसणाऱ्यांत रत्नागिरी जिल्ह्यातून गेलेल्या चाकरमान्यांचा भरणा असणे स्वाभाविकच होते, कारण गिरण्यांचे मनुष्यबळ मोठ्या प्रमाणावर याच जिल्ह्याने पुरविले. हे कार्य थोर होते. पण शिकण्याचा तास तेथे झोपेतून कापून घ्यावा लागे, हेही विसरता येत नाही. १९११ च्या कायद्याने कापड गिरणीतील प्रौढ पुरुषाच्या कामाला दिवसाला १२ तासांची मर्यादा घातली. १९२२ मध्ये ती आठवड्याला ६० तासांवर आली, १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांसाठी ५४ वर, १९४६ मध्ये ४८ वर. आणि १९४८ च्या कारखाने कायद्याने ४८ तास कायम केले. कामगाराचा हा मोकळा तास कोणी दान दिलेला नाही. संप, मोर्चे आणि सभा यांनी तो मिळविला आहे.

ऑनलाइन प्रशिक्षणातील खरा धोका येथे आहे. वर्ग भरवायचा तर माणसाला यंत्रापासून उठवावे लागते. मोबाइलवरील धडा ‘घरी पाहून या’ असे सांगता येते. पाहता पाहता घर हे कारखान्याचे बिनभाड्याचे दालन बनते आणि ४८ तासांची भिंत मागच्या दाराने ओलांडली जाते. मोबाइल कामगाराचा, डेटा कामगाराचा, रात्र कामगाराची. उत्पादकता तेवढी मालकाची! आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९७४ साली सवेतन शैक्षणिक रजेचा करार, म्हणजे १४० क्रमांकाचा करार, संमत केला. भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही. ऑनलाइन शिक्षणाच्या युगात तो करार कालबाह्य झाला नसून अधिक निकडीचा झाला आहे.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळमध्ये विषारी वायूने हजारो माणसे मारली. त्या कारखान्यात खर्चकपातीसाठी माणसे आणि प्रशिक्षण दोन्ही कमी करण्यात आली होती, हे पुढे उघड झाले. त्या हत्याकांडानंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम १११-अ अन्वये कामगाराला आरोग्य व सुरक्षेविषयीची माहिती मागण्याचा, तसेच त्याचे प्रशिक्षण कारखान्यात किंवा मान्य संस्थेत मिळविण्याचा हक्क लाभला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या आणि १९४८ चा कायदा त्यांत विलीन झाला. कायद्याचे नाव बदलले तरी भोपाळने शिकविलेला धडा बदलत नाही : प्रशिक्षण ही मालकाची मेहेरबानी नव्हे, कामगाराचा हक्क आहे.

पडद्यावरच्या शिक्षणाने या हक्काचे उलटे रूपांतर होऊ शकते. चित्रफीत पुढे ढकलली, पाच प्रश्नांवर बोट टेकविले, ‘प्रशिक्षण पूर्ण’ अशी नोंद झाली. उद्या अपघात झाला की हीच नोंद पुढे केली जाईल : आम्ही तर शिकविले होते, चूक त्याची. कामगाराचे रक्षण करण्यासाठी असलेले शिक्षण अशा वेळी मालकाची ढाल ठरते. म्हणून धडा किती जणांनी पाहिला यापेक्षा, व्हॉल्व्ह बंद करताना किती जणांचा हात चुकला नाही, हे मोजले पाहिजे.

तिसरा इशारा इतिहासाचाच आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर कोकणातील असंख्य कुटुंबांकडे येणारी मनीऑर्डर थांबली. पुढे १९९२ मध्ये, उद्योगांच्या पुनर्रचनेत विस्थापित होणाऱ्या कामगारांचे पुनर्प्रशिक्षण करण्यासाठी राष्ट्रीय नवीकरण निधी स्थापन झाला. प्रत्यक्षात त्याचा बहुतांश पैसा स्वेच्छानिवृत्तीच्या रकमा देण्यात खर्च झाला. पुनर्प्रशिक्षण मागे पडले. शिक्षणापुढे काम नसेल तर प्रमाणपत्र हे सांत्वनपत्र ठरते. कौशल्यामुळे रोजगार निर्माण होतो, असे सांगणाऱ्यांनी हा अनुभव आठवावा.

या सर्वांचा अर्थ पडदा फोडून टाकावा असा नाही. त्याच्याशी माणूस जोडावा असा आहे. वेल्डिंगचा ठिणगीशी होणारा पहिला परिचय, श्वसनयंत्र अंगावर चढविण्याची घाई, जड पाना किती आवळावा याचा अंदाज, हे हातालाच शिकावे लागते. यासाठी एक देशी नमुना आपल्याजवळ आहे. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय कामगार शिक्षण मंडळाने, ज्याला आता दत्तोपंत ठेंगडी यांचे नाव आहे, कामगारांतूनच ‘कामगार-शिक्षक’ तयार केले. ते आपापल्या कारखान्यात परतून सोबत्यांचे वर्ग घेत. पडद्यावर धडा, शेजारी कामगार-शिक्षक आणि समोर खरे यंत्र, अशी तिहेरी जोडणी झाली तर नवे साधन आणि जुना अनुभव एकत्र येतील. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाची केंद्रे हे वर्ग चालविण्यास उपयोगी पडू शकतात. धडे मोबाइलवर उतरवून घेता आले पाहिजेत, कारण २२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूणची वीज आणि दूरध्वनी बंद पडल्याचे सर्वांनी पाहिले आहे; धड्याची सर्वाधिक गरज भासावी त्याच वेळी संपर्क तुटलेला असू शकतो.

म्हणून कामगार संघटनांनी पुढील वाटाघाटींत पगार आणि बोनस यांच्या शेजारी चार मागण्या लिहाव्यात. शिकण्याचा तास हा कामाचा तास धरावा आणि त्याची मजुरी मिळावी. कंत्राटी कामगाराच्या सुरक्षा प्रशिक्षणाची जबाबदारी मूळ मालकावर असावी आणि ते त्याला समजणाऱ्या भाषेत व्हावे. पडद्यावरील नोंद प्रत्यक्ष हातांनी करून दाखविल्याखेरीज पुरी मानू नये, आणि ही परीक्षा घेणाऱ्यांत कामगारांचा प्रतिनिधी असावा. मिळालेले प्रमाणपत्र कामगाराच्या मालकीचे असावे, तो जेथे जाईल तेथे मान्य व्हावे, आणि वाढलेल्या कौशल्याबरोबर मजुरीची श्रेणीही वाढावी.

या मागण्यांत अवास्तव असे काही नाही. आठ तासांची मागणी पुढे आली तेव्हा ती याहून कितीतरी अवास्तव मानली गेली होती. लोट्याच्या रात्रपाळीवर आज एखादा तरुण रिअ‍ॅक्टरपाशी उभा असेल. त्याच्या खिशातल्या मोबाइलमध्ये त्याचा जीव वाचविणारा धडा असू शकतो. तो धडा शांतपणे पाहण्यास त्याला पगारी वेळ मिळतो की झोप मोडून तो पाहावा लागतो, हे ठरविणे तंत्रज्ञांच्या हाती नाही. ते संघटनेच्या हाती आहे.