पगार आणि प्रीती



आम्ही कामगार चळवळीतले. संस्कृत आम्हांला शाळेने शिकविले नाही; भाषांतरांच्या आधाराने जे वाचले, तेवढ्यावर बोलतो. दहाव्या शतकाच्या सुमारास राजशेखराने 'काव्यमीमांसा' ग्रंथात एक प्रेमकथा सांगितली आहे, आणि तिच्यातले लग्न लागते ते वत्सगुल्मात, म्हणजे आपल्या याच वाशीमला. सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष. आई ब्रह्मलोकाला निघाली, त्याला बरोबर नेईना, म्हणून तो रुसून निघून गेला. त्याला आवरण्यासाठी गौरीने साहित्यविद्या नावाची वधू निर्माण करून त्याच्यामागे धाडली. पूर्वेकडच्या मुलखात त्याचे मन वळले नाही. पांचालात थोडे ओलावले. अवंती ओलांडून दक्षिणेत येईपर्यंत तो पुरता तिचा झाला. रुसलेल्या पोराला सांभाळायला धाडलेली बाई! इतकी सावकाश प्रीती सिनेमावाल्यांना परवडायची नाही.

आता याच गावातले एखादे घर डोळ्यांसमोर आणा. बायको वारलेली, मूल दोन वर्षांचे, बाप नोकरीवर. मुलाला सांभाळायला बाई ठेवली. ती त्याला भरवते, ताप आला की उशाशी बसते. वर्षभरात मूल बापाआधी तिच्याकडे झेपावते. बाप ते पाहत असतो. एके संध्याकाळी तो स्वतः चहा करतो आणि एक कप तिच्यापुढे ठेवतो. शेजारीपाजारी लगेच कान टवकारतात. त्यांची आम्हांला फिकीर नाही. आमची शंका निराळी आहे. एक तारखेला ज्याच्या हातून पगार घ्यायचा, त्याला ती 'नाही' कसे म्हणणार? नाही म्हटले तर चूल बंद, आणि जीव लावलेले पोरही तुटले. साहित्यविद्येची मजुरी काव्यपुरुषाच्या हातात नव्हती!

तेव्हा पुरुषाने घाई करू नये. मनातले बोलायचेच असेल तर तिचा हिशेब आधी चुकता करावा, तिला दुसरीकडे काम मिळू द्यावे, आणि मग विचारावे. दुसऱ्या घरची कमाई पदरात असताना ती 'हो' म्हणाली, तर तो होकार आम्ही खरा मानू. कायदाही अगदीच झोपलेला नाही. 2013 च्या लैंगिक छळविरोधी कायद्याने राहते घर हेही कामाचे ठिकाण मानले. घरकाम करणाऱ्या बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार नेता येते.

बरे, लग्न झाले असे समजा. पिगू नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने 1920 सालच्या आपल्या ग्रंथात म्हटले आहे की, एखाद्याने आपले घर सांभाळणाऱ्या नोकर बाईशी लग्न केले तर राष्ट्रीय उत्पन्न घटते. पंडित हसले असतील. आम्हांला हसू आले नाही. काम तेच, पोर तेच, रात्रीचे जागरण तेच; फक्त एक तारीख गेली. मानपानावरून रात्र रात्र बैठका मारणारी मंडळी या रकमेचा विषय काढीत नाहीत. त्याच पगारातून दरमहा तिच्या म्हाताऱ्या आईला पैसे जात होते. ते यापुढे कोठून जायचे, हे अक्षता पडण्यापूर्वी बोलून घ्या.