दिव्याचे प्रयोजन

दिवा पाहण्यासाठी कोणी लावीत नाही. त्याच्या उजेडात इतर काही दिसावे, म्हणून तो लावतात. येशू ख्रिस्ताने डोंगरावरील प्रवचनात शिष्यांना जगाचा प्रकाश म्हटले, तेही याच अर्थाने.

१९६२ साली चांदा येथे सीरो-मलबार ख्रिस्ती धर्मप्रदेशाची स्थापना झाली. पैनगंगेपलीकडचा आदिलाबाद जिल्हाही त्यातच होता. हे कार्य केरळातील धर्मगुरूंकडे सोपविण्यात आले. पुढे १९९९ साली आदिलाबादचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. दिव्याने दिवा लागला.

परंतु आदिलाबाद म्हणजे तेलुगू, मराठी, गोंडी, कोलामी, उर्दू अशा अनेक बोलींचा मुलूख. मलयाळममधील ‘वेळिच्चम्’ घेऊन आलेल्याला येथे ‘वेलुगु’ म्हणावयास शिकावे लागते, ‘उजेड’ म्हणावयास शिकावे लागते. प्रकाश देऊ पाहणाऱ्याने प्रथम विद्यार्थी व्हावे, हाच त्यातील बोध होय.

दिवा अगदी डोळ्यांपाशी धरला, तर धरणाराच दिपून जातो. हात लांब केला की वाट दिसते आणि वाटेवरचा शेजारीही दिसतो. ज्या श्रद्धेच्या उजेडात शेजारी दिसत नाही, तिच्या वातीत तेल उरले आहे की नाही, हे ज्याचे त्याने पाहावे.