दुचाकीचा अपघात : चौकशी कशाची व्हावी?



पुणे-बंगळूर राष्ट्रीय महामार्गावर, सातारा आणि कराड यांच्या दरम्यान, कृष्णा व तारळी या नद्यांच्या संगमाजवळ उंब्रज वसले आहे. समर्थांनी स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकी एक मारुती येथे आहे आणि चाफळच्या श्रीराम मंदिराकडे जाणारी वाट येथूनच फुटते. पूर्वी सायकलीने किंवा बैलगाडीने बाजारास येणारा या परिसरातील शेतकरी आता मोटारसायकलने येतो. दुधाच्या किटल्या, खताचे पोते, शाळकरी मुले, पदर सावरीत मागे बसलेली गृहिणी, या सर्वांचा भार दुचाकीने उचलला आहे. वाहन बदलले, वेग बदलला. रस्त्यावर येण्याची रीत मात्र बांधावरून शिवारात उतरावे तशीच पुष्कळ ठिकाणी राहिली.

अपघात घडला की गावात दोन उत्तरे तयार असतात. एक म्हणजे, ‘त्याची वेळच आली होती.’ दुसरे म्हणजे, ‘चूक मोठ्या गाडीवाल्याची.’ पहिल्या उत्तराने मनाचे समाधान होते, दुसऱ्याने नुकसानभरपाईचा दावा उभा राहतो. पोलिसांचा पंचनामाही कायद्याच्या गरजेपुरता होतो, आणि ते योग्यच आहे. परंतु तोच अपघात त्याच वळणावर पुन्हा घडू नये म्हणून काय करावे, हा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाही.

हा प्रश्न विचारल्याने काय साधते, याचे एक उदाहरण इतिहासात आहे. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून ख्यातनाम झालेला टी. ई. लॉरेन्स हा १३ मे १९३५ रोजी इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यात मोटारसायकलवरून जात होता. रस्त्यातील उताराआड दोन सायकलस्वार मुले होती. त्यांना चुकविताना तो फेकला गेला आणि सहा दिवसांनी, वयाच्या ४६ व्या वर्षी, मेंदूच्या दुखापतीने मृत्यू पावला. त्याच्या उपचारास बोलाविलेल्या शल्यचिकित्सकांत ह्यू केर्न्स हे होते. रुग्ण वाचला नाही. परंतु केर्न्स यांनी तो विषय तेथे सोडला नाही. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर त्यांनी मोटारसायकलस्वारांच्या मृत्यूंचा हिशेब मांडला. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये २,२७९ स्वार व मागे बसणारे मरण पावले होते आणि डोक्याची दुखापत हे त्याचे सर्वांत मोठे कारण होते. उलट, शिरस्त्राण घातलेले सात जखमी स्वार त्यांच्या पाहण्यात आले, ते सातही वाचले होते. त्यांचा हा निबंध १९४१ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने आपल्या निरोप्या मोटारसायकलस्वारांना शिरस्त्राण सक्तीचे केले. नागरिकांवर ती सक्ती १९७३ साली आली. तोवर केर्न्स यांच्या निधनास एकवीस वर्षे झाली होती. एवढा उशीर का, याचे उत्तर आपल्याकडील हेल्मेटविरोधी मोर्चे पाहिलेल्यांना सांगावयास नको.

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२९ अन्वये चालक आणि मागे बसणारा या दोघांनाही हेल्मेट बंधनकारक आहे. तरीही केंद्र शासनाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांत हेल्मेट न घातलेले ५०,०२९ होते आणि त्यांपैकी १४,३३७ हे मागे बसलेले होते. घरचा कर्ता पुरुष हेल्मेट घालतो आणि मागे बसलेली पत्नी उघड्या डोक्याने एका बाजूस पाय सोडून बसते, हे दृश्य नित्याचे आहे. तिच्यासाठी दुसरे हेल्मेट घेणे हा खर्च अनावश्यक वाटतो, यात अज्ञानापेक्षा अनास्था अधिक आहे, असे म्हणावे लागते. हनुवटीखालचा पट्टा न बांधता घातलेले हेल्मेट धडकेपूर्वीच निसटते. पोलिसांपुरते डोक्यावर ठेवलेल्या अशा हेल्मेटचा उपयोग दंड चुकविण्यापलीकडे होत नाही.

हेल्मेट पडल्यानंतर वाचविते. पडू नये यासाठी दुसरे ज्ञान लागते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी दर सेकंदास सुमारे १७ मीटर पुढे सरकते. अडथळा दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत तेवढे अंतर निघून गेलेले असते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतरचे अंतर चौपट होते. ‘पुढचा ब्रेक धरू नये, गाडी उलटते’ ही गावोगाव दिली जाणारी शिकवण अर्धसत्य आहे. ब्रेक लावताच वजन पुढच्या चाकावर येते, म्हणून गाडी थांबविण्याचे मुख्य काम तेच चाक करते. तो ब्रेक एकदम आवळू नये, मागच्याबरोबर हळूहळू वाढवीत दाबावा. किटल्या किंवा पोती लादलेल्या गाडीला तर दोन्ही ब्रेक अपरिहार्य होत.

कृष्णाकाठी गळिताचा हंगाम सुरू झाला की आणखी एक संकट उभे राहते. उसाने भरलेल्या ट्रॉलीच्या मागे दिवा किंवा परावर्तक नसेल, तर समोरून येणाऱ्या वाहनाच्या झोतात ती काळोखाचाच भाग होऊन जाते. शेतातून निघालेल्या चाकांचा चिखल डांबरावर पडतो आणि त्यावरून दुचाकी घसरते. येथे स्वाराला उपदेश करून भागणार नाही. ट्रॉलीला परावर्तक पट्ट्या लावल्याखेरीज ऊस वाहतुकीस घेऊ नये, असा आग्रह साखर कारखाने, वाहतूकदार आणि ग्रामपंचायती यांनी धरला पाहिजे.

शिक्षकांच्या लक्षात यावी अशी एक तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने आली आहे. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक जबाबदार ठरतो. त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो आणि वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द होते. शाळेच्या आवाराबाहेर, झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाड्या कोणाच्या, हे शिक्षकांना ठाऊक असते. पालकसभेत हे कलम एकदा वाचून दाखविल्यास पुष्कळ काम होईल.

ग्रामपंचायतीने तर एक साधी वही ठेवावी. अपघात कोठे झाला, किती वाजता, उजेड कसा होता, रस्त्यावर खडी की चिखल, हेल्मेट होते काय, गाडी कोणत्या बाजूने आली, एवढेच लिहावे. नाव लिहिण्याची वा दोष ठरविण्याची गरज नाही. वर्षभरानंतर एकाच फाट्यावर चार नोंदी दिसल्या, तर वळणावरची बाभळ तोडणे, दिवा बसविणे किंवा सेवारस्त्यावरून उलट दिशेने येणाऱ्यांस अटकाव करणे, यांपैकी काय करावे ते वहीच सांगेल. रस्ते विभागाकडे जाणाऱ्या अर्जासही वजन येईल.

जखमीस हात लावला तर पोलिसांचे लचांड मागे लागेल, ही भीती अद्याप पुरती गेलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मदतकर्त्यांच्या संरक्षणाचे नियम मान्य केले आणि २०१९ च्या दुरुस्तीत कलम १३४-अ आले. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव सांगणेही त्याच्या इच्छेवर आहे. २०२५ साली अधिसूचित झालेल्या केंद्रीय योजनेनुसार नामनिर्देशित रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख रकमेविना मिळू शकतात. १०८ या क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून उपलब्ध आहे. दूरध्वनी करताना गावाच्या नावाबरोबर महामार्गाच्या कडेच्या किलोमीटर दगडावरील आकडा आणि गाडी साताऱ्याकडे जाणारी होती की कराडकडे, हे सांगावे. दुभाजकामुळे चुकीच्या बाजूने आलेल्या रुग्णवाहिकेस बरेच अंतर फिरून यावे लागते.